सुरक्षित कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचा आराखडा

यंत्राला दिलेले उद्दिष्ट आणि माणसाच्या मनातला हेतू यांत फरक राहिला, तर यंत्र जितके समर्थ तितके नुकसान मोठे. अमेरिकी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात हा धोका दाखवून दिला होता. त्यावरच्या संशोधनाला आराखड्याचे रूप यायला मात्र अर्धशतक लोटले.

जानेवारी २०१५ मध्ये ‘फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट’ने पोर्तो रिको येथे संशोधकांची परिषद भरवली. त्यातून निघालेल्या खुल्या पत्राला संशोधनाचे अग्रक्रम मांडणाऱ्या टिपणाची जोड होती. स्टुअर्ट रसेल, डॅनिएल ड्युई आणि मॅक्स टेगमार्क हे त्याचे लेखक. रोजगार, कायदा आणि नीती यांबरोबरच संगणकशास्त्रापुढचे काम त्यांनी चार प्रश्नांत विभागले.

पहिला प्रश्न पडताळणीचा: ठरवलेल्या नियमांप्रमाणेच यंत्रणा चालते, हे सिद्ध करता येईल का? दुसरा, ते नियम तरी योग्य आहेत का? तिसरा प्रश्न बाहेरच्या हल्ल्यांपासून संरक्षणाचा. चौथा नियंत्रणाचा: एवढे करूनही चूक राहिली, तर माणसाला यंत्रणा थांबवून दुरुस्त करता येईल का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. उद्दिष्टामागे लागलेल्या यंत्रणेच्या दृष्टीने बंद पडणे हाही अडथळाच ठरू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचे बोलके उदाहरण ओपनएआयच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसले. बोटींच्या शर्यतीच्या संगणकीय खेळात गुण मिळवायला शिकलेल्या प्रणालीने शर्यत सोडून दिली. पुन्हा पुन्हा उगवणारी तीन लक्ष्ये टिपत तिची बोट एकाच जागी गोल फिरत राहिली. ती इतर बोटींवर आदळली, पेटली, तरी गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त मिळाले. नियम पाळला गेला, हेतू हुकला.

२०१७ मध्ये संशोधकांनी यावर एक वाट दाखवली: गुणांचे सूत्र लिहून देण्याऐवजी दोन कृतींपैकी बरी कोणती, एवढेच माणसाने सांगायचे आणि त्यातून यंत्राने उद्दिष्ट शिकायचे. आजचे संवादी सहायक घडवताना हीच कल्पना वापरली जाते. तिलाही मर्यादा आहे. तपासणाऱ्या माणसाच्या आकलनापलीकडचे काम यंत्र करू लागले, तर बरेवाईट ठरवणार कोण? त्यामुळे अशा कामावर देखरेख कशी ठेवायची, हा आता संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे भारतासह २८ देश आणि युरोपीय संघ यांनी या जोखमींवर एकत्र काम करण्याचे मान्य केले. पूल वाहतुकीला खुला करण्याआधी त्याची भारक्षमता तपासतात. सामर्थ्यवान यंत्रांच्या बाबतीतही सुरक्षिततेचे संशोधन त्यांच्या वापराच्या आधी व्हायला हवे.