पब्लिक पॉलिसीचा निकाल येईपर्यंत काय कराल?

पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्ससाठी अर्ज टाकून बसलेल्यांनो, हे वाचा.

अमेरिकेतल्या बऱ्याच कोर्सेसचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, निकाल मुख्यतः मार्चमध्ये लागतात. मार्चच्या मध्यानंतर न्यूयॉर्कला संध्याकाळचे 5 वाजतात तेव्हा आपल्या मुळशीतल्या रिह्यात रात्रीचे 2.30 झालेले असतात. त्यामुळे दुपारभर पोर्टल रिफ्रेश करू नका. सकाळी चहाबरोबर एकदा बघा, बास.

15 एप्रिल लिहून ठेवा. तिथल्या अनेक विद्यापीठांच्या सामायिक ठरावानुसार, आर्थिक मदतीच्या ऑफरला त्याआधी उत्तर द्यायची सक्ती नसते. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का, तेवढं तपासा.

वेटलिस्ट म्हणजे नकार नव्हे. विद्यापीठ घेत असेल तर एक छोटं पत्र पाठवा: इच्छा कायम आहे, नवीन काम अमुक.

देशातले पर्यायही हातचे सोडू नका: बंगळूरूचं नॅशनल लॉ स्कूल, मुंबई आयआयटीचं अशांक देसाई धोरण अभ्यास केंद्र.

आणि मधल्या काळात? धोरण शिकायला मुळशीसारखी शाळा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह झाला तो इथेच. सेनापती बापट त्याचे नेते. वीज मुंबईला, जमीन मावळ्यांची, मग मोबदला किती आणि ठरवणार कोण? प्रश्न अजून ताजाच आहे. ग्रामसभेला जाऊन बसा. सातबारा काढा, आपल्या गटावर कोणता झोन पडलाय आणि तो कुणी ठरवला, शोधा. मुलाखतीत पुस्तकी व्याख्येपेक्षा हे जास्त चालतं.

कोण कोण वाट बघतंय? कमेंटमध्ये सांगा.