शिदोरी आहे, शेगडी नाही

लेकरांनो, कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर यायच्या आदल्या दिवशीच बोलायला लागतं. खोटं वाटत असेल तर खुडूक कोंबडी 20व्या दिवशी पाणी प्यायला उठली की रवणीतलं एखादं अंडं हळूच कानाला लावा. आत चिवचिव ऐकू येते. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची एक पोकळी असते. पिल्लू चोचीनं आतला पडदा फाडतं, त्या पोकळीत तोंड घालून पहिला श्वास घेतं आणि श्वासाबरोबर आवाजही फुटतो. वरून आई ‘कुक् कुक्’ करते, आतून हे उत्तर देतं. अंडं गार पडलं तर हा आवाज मोठा आणि किरकिरा होतो. म्हणजे जगात पाऊल टाकायच्या आधी या जिवाची पहिली तक्रार काय, तर थंडी वाजते!

बाहेर यायच्या आत ते आणखी एक काम उरकतं. उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेतं. त्या बलकावर दोन-तीन दिवस दाणा-पाण्यावाचून निघतात. निसर्गानं ही सोय का केली असेल? रवणीतली सगळी अंडी एका घटकेला फुटत नाहीत. पहिलं पिल्लू सकाळी निघालं आणि शेवटचं दुसऱ्या दिवशी, तर आई मधेच उठून पहिल्याला चरायला नेणार कशी? म्हणून पहिल्यानं शिदोरी खात थांबायचं. या शिदोरीच्या जोरावरच हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून रातोरात आपल्या गावापर्यंत पोचवतात. खोक्याला भोकं असतात आणि आत चार कप्पे, एकेका कप्प्यात 25 पिल्लं. कप्पे नसते तर शंभरच्या शंभर एका कोपऱ्यात चढून खालची गुदमरली असती.

“मग आबा, पोटात जेवण आहे तर मरतात कशानं?” धाकटीनं विचारलं.

पोरी, शिदोरी आहे, शेगडी नाही. दिवसाचं पिल्लू भरतं जेमतेम 40 ग्रॅम. एक प्रयोग करा. एकाच पातेल्यातलं कढत पाणी थोडं वाटीत घ्या, बाकीचं कळशीत भरा, आणि तासाभरानं दोन्हींत बोट घालून बघा. वाटी गार, कळशी अजून कोमट. जीव जितका लहान, तितकं आतल्या ऐवजाच्या मानानं त्याचं बाहेरचं अंग जास्त, आणि ऊब जाते ती अंगावाटेच. मोठ्या कोंबडीचं अंग 41 अंशांच्या वर तापलेलं असतं. आपल्याला तेवढं झालं तर दवाखाना गाठावा लागेल! ती ऊब टिकवायला तिच्याकडे पिसांचे थर असतात. पिल्लाकडे नुसती लव. दिसायला गोजिरी, पण ओली झाली की कामाची नाही. पंखांची खरी पिसं फुटून अंगात स्वतःची ऊब धरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर 22 अंशांची खोली आपल्याला झकास वाटते आणि त्याला हुडहुडी भरते.

पण त्याला एक गोष्ट जन्मतः येते. ऊब तयार करता येत नसली तरी शोधता येते. गावरान कोंबडी अंगणात पिल्लं घेऊन फिरते तेव्हा नीट बघा. पिल्लं पाच-दहा मिनिटं उकरतात, किडा-मुंगी टिपतात, मग एकेक करून आईच्या पंखाखाली शिरतात. खुडकीच्या दिवसांत तिच्या पोटाखालची पिसं विरळ झालेली असतात आणि तिथल्या कातडीत रक्त जास्त खेळत असतं. तेच पिल्लांचं शेकायचं ठिकाण. अंग शेकलं की पुन्हा बाहेर. आईखाली ऊब, अंगणात गारवा, आणि किती वेळ कुठं राहायचं ते पिल्लाच्या मर्जीवर. ही मर्जी लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

सगळ्याच पाखरांचं असं नसतं बरं. आपल्या निकोबार बेटांवर मेगापोड नावाचा पक्षी आहे. तो अंडी उबवायला बसतच नाही. माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो, आणि पाला कुजताना जी उष्णता निघते तिच्यावर दोन महिन्यांहून जास्त काळानं पिल्लं निघतात. ढीग उकरून वर येतात आणि आईचं तोंडही न बघता रानात पसार होतात. कोंबडीच्याच गोतातला पक्षी हा! अंड्यात जास्त दिवस राहून तो तयार होऊनच येतो. आपली कोंबडी 21 दिवसांत पिल्लू बाहेर काढते आणि उरलेली उबवणी पंखाखाली पुरी करते.

माणसानं यंत्रात अंडी उबवायला घेतली आणि हा पंखच गेला. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवायची कला फार जुनी. तिथले कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखायचे. आता यंत्र 37.5 अंशांवर बिनचूक चालतं, पण ते 21व्या दिवशी मोकळं होतं. पुढचे तीन-चार आठवडे आई व्हायचं ते आपण, म्हणजे ब्रूडरनं, पिल्लांना ऊब देणाऱ्या आपल्या हातच्या पंखानं.

पण ब्रूडर ज्या जागेत ठेवायचा तिची ऊबही बघावी लागते, म्हणून आता आपल्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं सांगतो. जुन्या गावात घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळ्या आणि त्यावर मातीचे थरावर थर. कोंबड्यांचं खुराडं भिंतीला टेकलेलं. दिवसभराचं ऊन ती भिंत सावकाश पिऊन घ्यायची आणि रात्रभर सावकाश सोडायची. पौषातल्या पहाटेही आत कळ लागावी अशी थंडी नसे, आणि खुडूक कोंबडीला पोत्याचा तुकडा पुरायचा. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, भूकंप झाला आणि त्याच भिंती आणि तेच माळवद माणसांच्या अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादकडची जवळजवळ 10 हजार माणसं गेली. म्हणून जुन्या भिंतीच्या उबेचं मी कौतुक सांगतो, पण तिच्यासाठी हळहळत नाही. घर हलकं आणि नीट बांधलेलंच पाहिजे.

पण कोंबड्यांची शेड आता पत्र्याची, आणि पत्र्याला ऊब धरून ठेवणं माहीतच नाही. वैशाखात दुपारी तो भट्टी करतो. थंडीत निरभ्र रात्री तीच उष्णता आभाळाकडे फेकून देतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार पडतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरतं, थेंब खाली तुसावर पडतात, तूस ओलं होतं आणि पिल्लाचे पाय गारठतात. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर द्या, जाळीला पोती बांधा. मात्र पोती वरपर्यंत ओढून शेड कोंडू नका, वरून वीतभर हवा खेळती राहू द्या. कोंडलेल्या शेडमध्ये विष्ठेचा उग्र वास साचतो, तो आपल्याच डोळ्यांना झोंबतो. जमिनीलगत वावरणाऱ्या पिल्लाचे काय हाल होत असतील!

ब्रूडर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं फूट-दीड फूट उंचीचं कडं, ते चिक गार्ड. गोलच हवं, कारण कोपरा दिसला की गारठलेली पिल्लं त्यात ढीग करतात. खाली दोन इंच कोरडं तूस, पहिले काही दिवस वर कागद. मध्यभागी दोरीला टांगलेले दिवे. थंडीत पिल्लामागे दोन वॅट धरा. शंभर पिल्लांना शंभर-शंभरचे दोन बल्ब, म्हणजे एक उडाला तरी दुसरा असतो. बल्ब जुना पिवळा, तारेचाच हवा. तो विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवतो. घरात ज्या अवगुणासाठी आपण त्याला हाकलला, तोच इथं कामी येतो. एलईडी लावाल तर शेड झगमगेल आणि पिल्लं गारठतील.

दिवे पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच लावून ठेवा. हवा लवकर तापते, तूस आणि जमीन तापायला वेळ लागतो. पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर खालून थंडी शिरते आहे. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब दोरीनं थोडा वर ओढला की झालं. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगायचा. माणसाच्या डोळ्यासमोर टांगला तर तो माणसाची हवा सांगेल. आधी कोमट गुळपाणी, मग मक्याचा भरडा. काही तासांनी गळ्याखालची पिशवी चाचपून बघा, भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. गारठलेलं पिल्लू दाण्याकडे जातच नाही. पोटातला बलक नीट जिरत नाही आणि मागं विष्ठा चिकटून राहते. लोक औषध शोधत बसतात. खरं तर बल्ब खाली घ्यायचा असतो.

“पण आबा, थर्मामीटरच नसला तर?” थोरला म्हणाला.

तरी अडत नाही. ती मर्जी आठवते ना? सगळं कडं सारखं तापवू नका. मध्ये ऊब आणि कडेला गारवा राहू द्या, म्हणजे पिल्लाला निवड करता येईल. मग फक्त बघत राहा. दिव्याखाली गठ्ठा करून किंचाळत असतील तर थंडी आहे. कडेला पळून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. पाखराला घाम येत नाही, धापेवाटेच ते उष्णता टाकतं. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरच्या बाजूनं वारा घुसतो आहे, ती फट बुजवा. काही खाताहेत, काही पसरून झोपलीत, आवाज बारीक आणि समाधानी, तर कशालाही हात लावू नका. वैशाखात दुपारी बहुतेक बल्ब बंदच ठेवावा लागतो. तोही निर्णय पिल्लांनाच विचारून घ्या.

वीज गेली तर काय, याची तयारी दिवसाउजेडी करा. गरम पाण्यानं भरलेली, तोंड घट्ट बांधलेली मडकी कड्यात ठेवा, अर्ध्या कड्यावर पोतं टाका. कोळशाची शेगडी मात्र बंद शेडमध्ये नको. धूर दिसला नाही तरी तिचा विषारी वायू पिल्लांना मारतो आणि राखण करणाऱ्या माणसालाही. आजार वाटला तर अंदाजपंचे औषध न पाजता पशुवैद्यकाला दाखवा. आपल्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारायला लाजू नका.

आणि पहिला आठवडा पाळी लावून उठा. संध्याकाळी शेड ठीक दिसते आणि माणूस निर्धास्त झोपतो, पण सगळ्यात गारठा उजाडायच्या आधी पडतो. पहाटे चारला जाऊन दारातच थांबा, आधी कान द्या, मग पिल्लं कुठं उभी आहेत ते बघा, आणि थर्मामीटर त्यानंतर वाचा.