हवामान-बदलाची परिभाषा आणि खानदेश

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला, तर ती उष्णतेची लाट समजतात; परंतु एवढ्यावरून हवामान बदलले, असे म्हणता येत नाही. त्यासाठी सामान्यतः ३० वर्षांच्या सरासरीशी तुलना करावी लागते.

'जोखीम' तीन गोष्टींनी ठरते. उष्णतेची लाट हे 'संकट'. रावेर-यावलच्या केळीबागा हे तिच्या तडाख्यात येणारे 'क्षेत्र'. आणि आटलेली विहीर ही 'दुर्बलता' होय. लाट रोखणे गावाच्या हाती नाही. दुर्बलता कमी करणे मात्र आहे. यालाच 'अनुकूलन' म्हणतात. धुळे जिल्ह्यातील पांझरेवरील फड पद्धतीत शेतकरी बंधाऱ्याचे पाणी सामुदायिक नियमांनी वाटून घेत. टंचाईशी जुळवून घेण्याचाच तो मार्ग होता.

पंचायतींनी आराखडा आखताना हा भेद ध्यानी घ्यावा. म्हणजे निधी योग्य ठिकाणी खर्च होईल.