उसातली मुलं आणि आपला ‘लपाछपी’

‘द बॅड सीड’मध्ये (१९५६) चिमुरड्या रोडाचा खुनशीपणा आजीच्या रक्तातून आलेला. ‘द ओमेन’मधला (१९७६) डेमियन तर थेट सैतानाचा मुलगा. दोन्हीकडे दोष जन्माचा, आणि मोठी माणसं बिचारी!

२०१७ मध्ये आलेल्या ‘लपाछपी’नं हे उलटं केलं. दिग्दर्शक विशाल फुरिया. गरोदर नेहा (पूजा सावंत) उसाच्या फडातल्या एकाकी घरात राहायला येते. तिथं तुळसाबाई (उषा नाईक) तिची काळजी घेते आणि शेतात काही मुलं खेळताना दिसतात. आधी भीती वाटते ती मुलांचीच. नेहा त्यांच्या मागे जाते तसतसं कळतं, की खरं क्रौर्य मुलगाच हवा म्हणणाऱ्या मोठ्यांचं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. म्हणून हा भयपट मला फार जवळचा वाटतो.

अकोला-अमरावतीकडं ऊस कमीच. पण डोक्याएवढ्या वाढलेल्या तुरीत शिरलेल्या माणसाला उसात वाट चुकण्याची धास्ती नेमकी समजेल. आणि उषाबाईंचं काम! भरवणारा तो मायाळू हातच अंगावर काटा आणतो.

फुरियांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ नावानं हिंदी आवृत्ती केली. आधी मराठी पाहा.