हिलरी पटनम

हिलरी व्हाइटहॉल पटनम (३१ जुलै, १९२६ – १३ मार्च, २०१६) हे अमेरिकन तत्त्वज्ञ व गणिती होते. मनाच्या व भाषेच्या तत्त्वज्ञानात त्यांनी मूलभूत भर घातली. स्वतः मांडलेला सिद्धान्त स्वतःच खोडून काढणारे विचारवंत म्हणूनही ते ओळखले जातात.

जीवन

पटनम यांचा जन्म शिकागो येथे झाला. १९५१ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून हान्स रायशेनबाख यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. १९६५ पासून २००० साली निवृत्त होईपर्यंत ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नाच्या उकलीतही त्यांचा वाटा आहे.

कार्यवाद

मानसिक अवस्था म्हणजे मेंदूचीच एक अवस्था होय, असे तादात्म्यवादी मानत. पटनम यांनी १९६० च्या दशकात त्यावर आक्षेप घेतला. वेदना माणसाप्रमाणे ऑक्टोपसलाही होत असावी. परंतु दोघांच्या मेंदूंची घडण अगदी भिन्न आहे. तेव्हा वेदना कशाची बनलेली आहे यावरून नव्हे, तर ती कशामुळे उद्भवते व कोणत्या वर्तनाकडे नेते यावरून तिची ओळख ठरते. एकच आज्ञावली निरनिराळ्या संगणकांवर चालावी, तसेच हे. या मताला कार्यवाद म्हणतात.

अर्थ आणि जग

'द मीनिंग ऑफ मीनिंग' (१९७५) या निबंधातील 'जुळी पृथ्वी' हा विचारप्रयोग विशेष गाजला. या कल्पित ग्रहावर सर्व काही पृथ्वीसारखेच आहे. केवळ तेथील 'पाण्या'ची रासायनिक घडण वेगळी आहे. १७५० साली, म्हणजे पाण्याची घडण ज्ञात होण्यापूर्वी, येथील माणूस व तेथील त्याचा जुळा यांच्या मनात 'पाणी' म्हणताना सारखेच असेल. तरीही दोघांचा शब्द वेगळ्या द्रव्याचा निर्देश करील. (मानवी शरीरातच पुष्कळ पाणी असल्याने असा हुबेहूब जुळा संभवत नाही, हा आक्षेप खरा असला तरी मूळ मुद्द्याला बाध आणत नाही.) अर्थ केवळ डोक्यात नसतो, तो भोवतालच्या जगावर आणि समाजावरही अवलंबून असतो. 'सोने' हा शब्द सारेच वापरतात, पारख मात्र थोड्यांनाच असते.

हा निष्कर्ष कार्यवादाच्याच मुळावर आला. विचाराचा आशय बाह्य जगावर अवलंबून असेल, तर आतील आज्ञावली कितीही तपासली तरी तो विचार कशाविषयी आहे हे तिच्यावरून ठरणार नाही. 'रिप्रेझेंटेशन अँड रिॲलिटी' (१९८८) या ग्रंथात पटनम यांनी कार्यवादाचा त्याग केला. अनेक तत्त्वज्ञांनी मात्र, जनकाने सोडल्यानंतरही, तो सुधारित रूपात पुढे चालवला.