घासावे, पण किती?

माणसाने साठीनंतर नवी विद्या शिकू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी मी पेटी शिकू लागलो, तेव्हा शेजाऱ्यांचेही हेच मत झाले. म्हणूनच यंदा गणपती उठल्यावर मी जेव्हा जाहीर केले, की आपल्या जुन्या फियाटला मी स्वतः मशीनने पॉलिश करणार, तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही. पेटीपेक्षा गाडी बरी, एवढाच त्या मौनाचा अर्थ होता.

फियाट हे तिचे घरातले नाव. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, १९९६ सालची, गडद निळी. मुंबईच्या रस्त्यांवरून याच जातीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या. आमची मात्र पुण्यात, वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीखाली, अजून तग धरून आहे. वडिलांनी ती हौसेने घेतली आणि २०१९ साली ते जाईपर्यंत रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. रोज म्हणजे रोज. ते गेले आणि गाडीवर आच्छादन पडले. महिन्यातून दोनदा मी तिला फिरवून आणी, पण तिचे तेज गेले ते गेलेच. टप तर खडू फासल्यासारखा पांढुरका दिसू लागला.

गणपतीत आई म्हणाली, "पाडव्याला मला सारसबागेच्या गणपतीला याच गाडीतून ने. पण अशा अवतारात नको. यांना आवडलं नसतं."

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या अशा वाक्यांना मुदत घालून चालत नाही.

नाना पेठेत एक रंगारी आहेत. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वयाने माझ्याहून वीस वर्षे लहान, पण हातात तीन दशकांचे काम. मी हेतू सांगितला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे डॉक्टर पाहतात तसे पाहिले.

"काका, आधी एक सांगा. चकाकी लावतात की काढतात?"

"लावतात," मी म्हणालो.

"मग अजून मशीनला हात लावू नका."

त्या दिवशी मला जे कळले, ते गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून इथे सांगतो. पॉलिश म्हणजे रंगावर काही चढवणे नव्हे. पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा पापुद्रा अगदी बेताने घासून काढणे. हल्लीच्या गाड्यांच्या पत्र्यावर आधी अस्तर, मग रंग आणि त्यावर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, असा थाट असतो. हे सगळे मिळून सुमारे शंभर ते दीडशे मायक्रॉन भरते, आणि त्यात वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नासचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सारी श्रीमंती एका केसाहूनही पातळ! दर पॉलिशला त्यातले काही मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

आमच्या पद्मिनीवर तर पारदर्शक थरच नाही. रंग तोच आणि चमकही त्याचीच.

मग तेज जाते कशाने? उस्तादांनी टॉर्च पेटवून बॉनेटवर धरला. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वलये उमटली. "हे बघा, तुमच्या वडिलांचं प्रेम," ते म्हणाले. कोरड्या फडक्याने धूळ पुसली, की धुळीतले वाळूचे बारीक कण रंगावर चरे पाडतात. चरे सगळीकडे, सर्व दिशांनी असतात; पण दिव्याभोवती आडवे पडलेलेच तेवढे चमकतात, म्हणून डोळ्याला वलये दिसतात. चऱ्यांमुळे उजेड विखुरतो आणि रंग निस्तेज वाटतो. चऱ्यांच्या तळापर्यंत भोवतालचा पृष्ठभाग सपाट केला, की उजेड सरळ परततो, आणि आपण म्हणतो, गाडी चकाकली. एखादा चरा नखाला अडत असेल, तर मात्र त्याच्या नादी लागू नये. त्याचा तळ गाठायचा म्हणजे रंग संपवायचा.

उस्तादांनी मला भंगारातले एक बॉनेट दिले आणि म्हणाले, "पंधरा दिवस ह्याच्याशी खेळा."

मशीन दोन जातींची. एक रोटरी, जी एकाच अक्षावर गरगर फिरते. ती झपाट्याने घासते, झपाट्याने तापते आणि नवशिक्याच्या हाती झपाट्याने रंग जाळते. दुसरीचे नाव ड्युअल अ‍ॅक्शन. तिची तबकडी स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी मध्यापासून हटून हेलकावेही घेते, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. जास्त दाबली किंवा कडेवर तिरकी धरली, की ती बिचारी फिरायचीच थांबते. तबकडीच्या कडेला मार्करने रेघ मारून ठेवावी; रेघ फिरताना दिसली, की काम चालू आहे असे समजावे. मी ही दुसरी विकत घेतली.

पहिल्या दिवशी फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके रबिंगचे घातले आणि मशीन हवेतच सुरू केले. दोन ठिपके भिंतीवर गेले, एक माझ्या चष्म्यावर, आणि एक तुळशीवृंदावनापर्यंत पोहोचला. सौभाग्यवतींनी खिडकीतून पाहिले आणि काही न बोलता खिडकी लावून घेतली. धडा असा, की पॅड आधी पत्र्यावर टेकवावा, ठिपके पसरावेत आणि मग बटण दाबावे.

बाकीचे धडे सावकाश आले. काम सावलीत, थंड पत्र्यावर करावे. गाडी आधी भरपूर पाण्याने धुवावी. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवावी. खरखर लागली, तर क्ले नावाची मळण्याची माती ओलसर फिरवून चिकटलेले कण काढावेत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच तुकडा एका वेळी घ्यावा. हात गोगलगायीच्या गतीने चालवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश यांनी सुरुवात करावी. भागत असेल, तर पुढे जाऊच नये. शेवटी पाणी मिसळलेल्या स्पिरिटने पुसून पाहावे, कारण पॉलिशमधले तेल चऱ्यांत बसून आपल्याला खोटा आनंद देते.

नवरात्रात मी खऱ्या गाडीला हात घातला. पहिल्याच तुकड्यानंतर पॅड निळा झालेला पाहून माझा धीर सुटला. उस्तादांना फोन लावला. ते हसले. "तुमच्या गाडीला वर रंगच आहे, तो पॅडवर येणारच. नव्या गाडीत असं झालं, तर घाबरा. तुम्ही फक्त अस्तर दिसू देऊ नका."

चार दिवसांत दारे, बॉनेट आणि डिकी उजळली. टप माझ्या मशीनला दाद देईना, म्हणून उस्ताद स्वतः रोटरी घेऊन आले आणि तासाभरात त्यांनी त्या खडूतून निळे आकाश बाहेर काढले. मग ते कोपऱ्यावर चहाला गेले.

इथे माझी बुद्धी फिरली. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला मी चिकटपट्टी लावली होती, कारण कडांवर रंग पातळ असतो. पट्टी काढल्यावर तिथे बोटभर निस्तेज रेघ उरली होती. सारी गाडी चकाकत असताना ती रेघ डोळ्यांत खुपत होती. रोटरी समोर पडलेली. म्हटले, दोन सेकंदांचे काम!

दोन सेकंदांचेच झाले. निळ्यातून चिंचोक्याएवढे राखाडी अस्तर वर आले.

उस्ताद परतले, त्यांनी पाहिले, बोटाने चाचपले. रागावले नाहीत. "इथे आधीच काही उरलं नव्हतं, काका. ही जागा कुणीतरी वर्षानुवर्षं झिजवलीय." मग म्हणाले, "पूर्ण दार रंगवून देतो. पण एक दार नवं आणि तीन जुनी दिसतील."

मी रंगवू दिले नाही. उघड्या जागी गंज धरू नये, म्हणून त्यांनी पारदर्शक लॅकरचे एक बोट फिरवले, बस्स. त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांनी तेवीस वर्षे सांभाळलेली वस्तू मी दोन सेकंदांत उघडी पाडली होती.

पाडव्याच्या सकाळी आई खाली आली. गाडीभोवती तिने काठी टेकत एक फेरी मारली. बॉनेटमध्ये तिला स्वतःचे लुगडे दिसले, तेव्हा हसली. मग त्या दाराशी थांबली. मी आधीच कबुली देऊन टाकली.

"तुझ्याने गेला होय?" ती म्हणाली. "अरे, हे कोपर टेकवून बसायचे ना तिथे. गेला असेल त्यांच्यानेच. तू निमित्ताला."

सारसबागेपर्यंत मी गाडी चालवली. काच खाली होती. माझे कोपर नेमके त्या डागावर टेकले होते, हे सिग्नलला थांबल्यावर लक्षात आले. उचलून घेतले, आता तिथे झिजवायला काही शिल्लक नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी पुसायचे धोतराचे फडके बंद केले आहे. आधी पाणी, मगच मऊ कापड. मशीन कपाटावर ठेवले आहे. शेजारचे गृहस्थ परवा विचारत होते, "आमच्याही गाडीला एकदा फिरवता का?"

मी त्यांना विचारले, "आधी सांगा, चकाकी लावतात की काढतात?"