गिलाव्याआडची ओल : न्यूझीलंडच्या गळक्या घरांचा मागोवा

न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात बांधलेली काही घरं लांबूनच ओळखू येतात. गुळगुळीत, सांधा न दिसणाऱ्या भिंती, फिकट पिवळा नाहीतर विटकरी रंग, सपाट छप्पर, कमानदार खिडक्या आणि छज्जा नावालाही नाही. भूमध्य समुद्राकाठचं हे रूप ऑकलंडकरांना एकदम भावलं. पण तिथली भिंत जाड दगडाची. इथल्या भिंतीच्या पोटात रेडिआटा पाइनचा लाकडी सांगाडा, त्यावर फायबर सिमेंटचे किंवा पॉलिस्टायरीनचे तक्ते आणि वर काही मिलिमीटर गिलावा.

ऑकलंडचा पाऊस मुंबईच्या निम्मा. पण मुंबईत चार महिने कोसळून तो निघून जातो, भिंतींना वाळायला आठ महिने मिळतात. ऑकलंडला तो बाराही महिने येतो, वाऱ्यावर बसून आडवा येतो. कोकणातल्या घरांचं छप्पर भिंतीच्या पुढे हात-दीड हात का आलेलं असतं, हे तिथल्या कुठल्याही गवंड्याने सांगितलं असतं.

नुसत्या छज्ज्याला दोष देऊन मात्र भागत नाही. १९९१च्या बिल्डिंग अ‍ॅक्टने बांधकामाचे नियम सैल केले. कसं बांधायचं हे सांगण्याऐवजी परिणाम काय हवा तेवढं सांगायचं, तपासणीचं काम खासगी सर्टिफायरनाही द्यायचं, असं धोरण आलं. पुढे त्याच दशकात सांगाड्यासाठी प्रक्रिया न केलेलं, भट्टीत वाळवलेलं पाइन चालेल असं ठरलं. त्याआधी अनेक वर्षं या लाकडाला बोरॉनचे क्षार पाजायची पद्धत होती. त्यामुळे पाणी शिरलं तरी बुरशी लवकर धरत नसे. यातला प्रत्येक निर्णय एकटा घेतला तर समर्थनीय वाटतो. मिळून त्यांनी चूक सोसायची ताकदच भिंतीतून काढून घेतली. बांधकाम संहितेतही एक गंमत होती : बाहेरचं आवरण १५ वर्षं टिकलं तरी चालेल, सांगाडा मात्र ५० वर्षं टिकला पाहिजे. आवरण बाद झाल्यावर सांगाड्याने उरलेली वर्षं कशाच्या भरवशावर काढायची?

तक्रारी दशक संपायच्या आतच येऊ लागल्या. पहिला उपाय सगळ्यांनी तोच केला : भेगेत सिलिकॉन भरायचं, वरून रंगाचा हात द्यायचा. त्याने नुकसान वाढलंच. चिरेतून पाणी आत जात राहिलं आणि वाफ होऊन बाहेर पडायची वाट बंद झाली. फेब्रुवारी २००२मध्ये डॉन हन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी गट नेमला गेला, त्याच वर्षी त्याचा अहवाल आला, आणि वर्ष संपण्यापूर्वी गळक्या घरांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला.

तपासणीचं शास्त्र खऱ्या अर्थाने घडलं ते यानंतर. हातात धरून भिंतीवर फिरवायचं मीटर भोक न पाडता ओल दाखवतं. पण गिलाव्याखाली धातूची जाळी किंवा खिळे असले तरी तेही ओल म्हणूनच दाखवतं. थर्मल कॅमेरा तापमानातला फरक टिपतो, पाणी नव्हे. त्यामुळे ही दोन्ही साधनं ‘इथे बघा’ इतकंच सांगू शकतात. पुढचं काम सुयांचं. गिलाव्यातून बारीक भोक पाडून दोन लांब सुया थेट लाकडात रोवायच्या आणि विजेच्या रोधावरून आर्द्रता वाचायची. आकडा १८ टक्क्यांच्या वर गेला की सर्व्हेअरच्या कपाळावर आठी चढते. तिशीच्या आसपास गेला तर कुजणं चालू आहे असंच धरतात. भोकं कुठे पाडायची हेही अनुभवाने पक्कं झालं : खिडकीचे खालचे कोपरे, बाल्कनीचा कठडा भिंतीला मिळतो ती जागा, खालच्या छपराची कड भिंतीत संपते ती जागा, पॅरापेटचा सपाट माथा, आणि गिलावा थेट मातीत गाडलेला असेल तर तळ.

पण हा आकडाही फसवतो. क्षार पाजलेल्या लाकडात वीज सहज वाहते, म्हणून मीटर ओल असल्यापेक्षा जास्त दाखवतं. उलट तपासणी फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात केली, तर जुलैत चिंब असलेली भिंत १४ टक्के दाखवून मोकळी होते. लाकूड वाळलेलं असतं, कुजलेलंही असतं. म्हणून जाणता सर्व्हेअर ड्रिलमधून येणारा भुसा बघतो. तो पांढरट, करकरीत निघतो की काळपट भुकटी होऊन गळतो, बिट किती सहज आत जातं, याकडे त्याचं लक्ष असतं. शंका उरली तर लाकडाचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाठवतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून शिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच : ओल मोजणं वेगळं आणि नुकसान शोधणं वेगळं.

२००४मध्ये नवा बिल्डिंग अ‍ॅक्ट आला, प्रक्रिया केलेलं लाकूड परतलं. वारा, मजले, छज्जे, बाल्कनी, आकाराची गुंतागुंत यांना गुण देऊन जोखीम काढायचा तक्ता आला. जोखीम जास्त असेल तिथे आवरण आणि सांगाडा यांच्यामध्ये सुमारे २० मिलिमीटरची पोकळी ठेवायची, म्हणजे शिरलेलं पाणी खाली निथळून जाईल.

आधीच्या घरांचं बिल मात्र थकलेलंच होतं. २००९च्या सरकारी अभ्यासाने सुमारे ४२,००० बाधित घरं आणि ११.३ अब्ज डॉलर खर्च असा अंदाज दिला. २०११ची मदत योजना अशी होती : पाव वाटा सरकारचा, पाव नगरपालिकेचा, अर्धा मालकाचा. दावा लावायची मुदत बांधकामापासून दहा वर्षं. कित्येकांना कुजणं कळलं तेव्हा ती उलटून गेली होती.

आज ऑकलंडमध्ये घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनाही अशी घरं शेजारच्यापेक्षा स्वस्तात दाखवली जातात. खरेदीपूर्व तपासणीचा नेहमीचा अहवाल डोळ्यांना दिसेल तेवढ्यापुरता असतो. सुया रोवायच्या तर विकणाऱ्याची लेखी संमती लागते. ती मिळाली नाही तर नगरपालिकेकडची त्या घराची फाइल मागवावी. आवरण पूर्ण बदललं असेल तर कुठलं लाकूड काढलं, कुठलं ठेवलं याचे फोटो आणि कामाच्या पूर्ततेचं प्रमाणपत्र त्यात बघायचं. फाइलमध्ये फक्त रंगकामाचीच नोंद सापडली, तर किमतीतून आवरण बदलायचा खर्च वजा करून मगच बोलणी सुरू करावीत.